खिडकीतली कोय

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला तेव्हा मी प्रथम नकारच कळवला होता. शाळेने व वसतिगृहाने आम्हांला काय दिले, याविषयी माझ्याआधीच्या आणि नंतरच्या अनेकांनी यापूर्वीच्या अंकांतून मनापासून लिहिले आहे. त्यात नवी भर घालण्याजोगे माझ्यापाशी काही नाही, असे मला वाटत होते. संपादक मंडळात माझी एक वर्गमैत्रीण आहे. ती फोनवर म्हणाली, "मोठं काही लिहू नकोस. तू त्या खिडकीतल्या झाडाचं सांगायचीस ना, तेवढंच लिही." म्हणून हा लेख एका झाडाविषयी आहे. त्याच्या अनुषंगाने घरच्या काही गोष्टी येतील, त्या वाचकांनी समजून घ्याव्यात. दादाला लेख वाचून दाखवला आहे आणि त्याची हरकत नाही.

झाड अ‍ॅव्होकॅडोचे. पुण्या-मुंबईच्या मंडईत हे फळ आता सर्रास दिसते, कर्नाटकात त्याला बटर फ्रूट म्हणतात आणि कुर्ग, निलगिरी, वायनाड या डोंगराळ भागांत त्याची लागवड पुष्कळ वर्षांपासून आहे. मूळ मात्र मेक्सिको व मध्य अमेरिकेचे. कूळ आपल्या ओळखीचे, दालचिनी आणि तमालपत्राचे. फळ गोड नाही, आंबट नाही. लोण्यात थोडा कच्चा अक्रोड कुटून घातल्यासारखी चव लागते. आत एकच बी, सुपारीच्या रंगाची आणि मोठ्या लिंबाएवढी. एवढे मोठे बी गिळून दूरवर टाकणारे जनावर आज अमेरिकेत उरलेले नाही. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेले अजस्र प्राणी ते काम करीत असावेत, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. त्यांच्यामागे हे झाड माणसाच्या हातांनी तगले.

मी शाळेत आले ती १९९४ साली, पाचवीत. आमचे गाव प्रवरेच्या काठीच, बेलापूरपासून चालत तासाभराच्या अंतरावर. तरीही आईने मला वसतिगृहात ठेवले, कारण घरी राहिले असते तर मी तिच्याबरोबर उसाच्या खुरपणीला गेले असते. त्या काळच्या मुलामुलींना आठवत असेल, सर प्रत्येकाला गोडेतेलाचा एक रिकामा डबा देत. डब्याच्या बुडाला खिळ्याने पाच भोके पाडायची, तळाशी खापऱ्या टाकायच्या, वर नदीची पोयटा माती. मग ज्याला जे मिळेल ते बी लावायचे. सीताफळ, चिंच, रामफळ. जूनमध्ये उकिरड्यावर आपोआप फुटलेल्या आंब्याच्या कोयी. आम्ही त्यातल्या निम्म्या कोयी दगडावर घासून पुंग्या करीत असू आणि उरलेल्या डब्यांत जात. भोके न पाडता डबा भरणाऱ्याला सर काही बोलत नसत. पंधरा दिवसांनी त्याचे रोप पिवळे पडले की सगळ्यांदेखत डबा उलटा करून आतला चिखल दाखवत. माझाही डबा एकदा असा उलटा झाला होता. तो वास मला अजून आठवतो.

२०१० च्या सप्टेंबरात मी समाजकार्यातील पुढच्या शिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये एडिनबरोला गेले. शिष्यवृत्ती मिळाली होती. पहिला हप्ता वेळेवर आला, दुसऱ्याला उशीर झाला, आणि तो उशीर नेमका हिवाळ्यावर पडला. तेथील मोठ्या दुकानांत संध्याकाळी मुदत संपत आलेल्या मालावर पिवळी चिठ्ठी चिकटवून तो पाव किमतीला विकतात. त्या दोन महिन्यांत माझे जेवण पिवळ्या चिठ्ठीवर चालले. हे दुःख म्हणून सांगत नाही. वसतिगृहात वाढलेल्या माणसाला अशा वेळी काय करायचे ते शिकवावे लागत नाही. पण अ‍ॅव्होकॅडो माझ्या घरात आले ते या मार्गाने. मऊ पडलेली दोन फळे पस्तीस पेन्सला मिळाली. पावावर मीठ-तिखट घालून ती खाल्ली आणि बी टाकायला हात गेला तो तसाच थांबला. कोयीसारखेच जड, ओलसर, हाताला जिवंत वाटणारे. दोन्ही बिया धुऊन ठेवल्या.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक सत्तरीच्या पुढच्या बाई एकट्या राहत. त्यांच्या प्रत्येक खिडकीत कुंड्या होत्या. मी त्यांना मनात आजी म्हणत असे, प्रत्यक्षात नावाने हाक मारावी लागे आणि ते माझ्या जिभेला शेवटपर्यंत जड गेले. त्यांनीच मला पद्धत दाखवली. बीचे टोकदार अंग वर आणि पसरट अंग खाली; बीच्या कडेला तीन दात-कोरण्या थोड्या तिरप्या टोचायच्या; पेल्याच्या काठावर त्या टेकवून बीचा खालचा तिसरा हिस्सा पाण्यात राहील असे करायचे. पाणी चार दिवसांनी बदलायचे. बी वाळू द्यायचे नाही, कारण ज्वारी-बाजरीसारखे ते पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाही. वाळले की मेले. आंब्याच्या कोयीचेही तसेच असते, हे मला ठाऊक होते आणि ते ऐकून आजींना नवल वाटले, कारण त्यांनी कोय कधी पाहिलीच नव्हती.

पद्धत सोपी आहे. अवघड आहे ती थंडी. अ‍ॅव्होकॅडोच्या बीला रुजायला वीस ते पंचवीस अंश ऊब लागते, आणि आमची खोली रात्री बारा अंशांवर येई. घर तापवण्याची नळ्यांची व्यवस्था होती. पण वीज-गॅसचे पैसे आम्ही चौघे वाटून देत असू आणि सकाळी एक व संध्याकाळी दोन तासांपलीकडे ती चालवायची नाही, असा आमचा करार होता. त्यातच त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस जो बर्फ सुरू झाला, तो डिसेंबरभर हटला नाही. जुन्या लोकांनाही तशी थंडी कित्येक वर्षांत आठवत नव्हती. आपल्याकडे डिसेंबरात नदीकाठी पारा दहापर्यंत उतरला की आपण शेकोटी पेटवतो. तेथे शून्याच्या खाली दहा म्हणजे काय, हे मला दाराचे कुलूप बोटांना चिकटले तेव्हा कळले. सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवे आणि पावणेचारच्या आत मावळे. खिडकीतल्या पेल्यावर सकाळी बाहेरच्या बाजूने बर्फाची नक्षी असे.

एक बी तेथेच कुजले. पाणी गढूळ झाले, बीला बुळबुळीत थर आला, आणि पेला उचलताच तोच डब्यातला वास आला. दुसरे वाचले ते आजींमुळे. त्यांच्या घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती एक लाकडी कपाट होते, ओले टॉवेल वाळवण्याचे. रुजेपर्यंत बीला उजेडाची गरज नसते, ऊब पुरते, असे सांगून त्यांनी माझा पेला त्या कपाटात ठेवला. दर रविवारी मी पाणी बदलायला खाली जाई आणि चहा घेऊन येई. सात आठवडे काही झाले नाही. आठव्या आठवड्यात, संक्रांत होऊन गेल्यावर, बी वरपासून खालपर्यंत उभे दुभंगले आणि फटीतून बोटाच्या पेराएवढे पांढरे मूळ खाली उतरलेले दिसले. कोंब त्यानंतर तीन आठवड्यांनी आला, तांबूस आणि शेवग्याच्या कोवळ्या शेंगेसारखा सरळ. पाने यायच्या आत तो वीतभर वाढला. बीतल्या अन्नावर तो किती वाढतो ते पाहून मला भीतीच वाटली. आजींनी कात्री आणून तो मधोमध कापला. असे केले तर खालून फांद्या फुटतात, नाहीतर अंधाऱ्या देशात हे रोप उजेडाच्या शोधात नुसते उंच होत जाऊन शेवटी कलंडते. कापताना मी दुसरीकडे पाहत होते.

याच सुमारास दादाचा फोन आला.

इथे आमच्या जमिनीविषयी सांगणे भाग आहे. आमच्या वाट्याला वतनाच्या हाडोळ्यातली एक एकर जमीन आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले होते, हे आपण सारे जाणतोच. प्रत्यक्षात कनिष्ठ वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, आणि पुढे सरकारात रक्कम भरून आजोबांनी ही जमीन फेर मिळवली. ती रक्कम भरण्यासाठी आजीची पायातली चांदी विकली गेली होती. पण जमीन नदीकडच्या उतारावर, वरच्या बागायतदारांच्या खाली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, आणि त्या पाण्यावर ऊस, ऊसामागून कारखाने आणि कारखान्यांमागून आपल्या भागाची सारी भरभराट आली. त्याच पाण्याने उतारावरच्या खोलगट जमिनी पाणथळ केल्या. वर पाटाचे पाणी भरमसाट द्यायचे, ते जमिनीत मुरून खाली उमलायचे, उन्हाळ्यात वाफ होऊन उडायचे आणि मागे मिठाचा पांढरा पापुद्रा ठेवायचे. माझ्या लहानपणी खालच्या बाजूचे पाच-सात गुंठे पांढरे होते. मी परदेशी गेले तेव्हा वरचे पंधरा गुंठे सोडले तर ज्वारीदेखील धड उगवत नव्हती. आली तरी पानांची टोके भाजल्यासारखी तपकिरी.

दादावर कूपनलिकेचे कर्ज होते. तीन वेळा बोअर घेतले, दोन कोरडे गेले, एकाला पाणी लागले ते मचूळ. कोणी एक प्लॉट पाडणारा गृहस्थ आला होता. वतनाची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही; ती परवानगी मिळवण्याचे सर्व तो पाहणार होता. सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे आईचे, दादाचे व माझे नाव लागलेले आहे. तेव्हा माझे मुखत्यारपत्र हवे होते. एडिनबरोत भारताचा वाणिज्य दूतावास आहे, तेथे जाऊन ते साक्षांकित करून टपालाने पाठवायचे, एवढेच माझे काम.

"तिथं काही पिकत नाही, तुला माहीतच आहे," दादा म्हणाला. "मीठ खायला ठेवायची का जमीन?"

मी पाठवते म्हणाले. खरोखर पाठवणार होते. अर्ज भरला होता, फोटो काढला होता, शुल्क बाजूला ठेवले होते. आई फोनवर काही बोलली नाही. तिने फक्त विचारले की तिकडे जेवायला काय असते. कॉलिंग कार्डाची मिनिटे संपेपर्यंत मी तिला अ‍ॅव्होकॅडोचे रोप कसे दिसते ते सांगत राहिले.

मार्चमध्ये उजेड वाढू लागला. रोपाला सहा पाने होती, हातभर उंची, आणि माझा हप्ताही जमा झाला होता. त्या आनंदात मी बाजारातून द्रवरूप खताची बाटली आणली. बाटलीवर महिन्यातून एकदा असे लिहिले होते. मी दर आठवड्याला घालू लागले. आपल्या माणसाचे खताच्या बाबतीत असेच असते, पिशवीवर काय लिहिले आहे ते कोण वाचतो! शिवाय कुंडीखाली बशी होती आणि बशीतले पाणी मी फेकत नसे, पुन्हा मुरेल म्हणून तसेच ठेवी. महिन्याभरात पानांची टोके तपकिरी झाली. मग कडा. पान हिरवेगार आणि कडेने मात्र कोणी विस्तव फिरवल्यासारखी रेघ. मला वाटले थंडी लागली. रोप उचलून तापणाऱ्या नळ्यांजवळ ठेवले, तर आणखी बिघडले. कुंडीच्या कडेला मातीवर पांढरट पापुद्रा आलेला होता, पण मी तो पाहूनही पाहिला नव्हता.

आजी वर आल्या, चष्मा लावून त्यांनी पान पाहिले, बोटाने तो पापुद्रा खरवडला आणि जिभेवर ठेवला. "मीठ," त्या म्हणाल्या.

अ‍ॅव्होकॅडो मिठाच्या बाबतीत अतिशय हळवे झाड आहे. फळझाडांत इतके हळवे थोडेच असतील. खतातले आणि पाण्यातले क्षार मातीत साठले की त्याचे मूळ पाणी ओढू शकत नाही, आणि जे क्षार आत शिरतात ते पानाच्या टोकाशी जाऊन साचतात. तसेच पाणी साचलेल्या मातीत त्याची मुळे फायटोफ्थोरा या रोगाने कुजतात. आपल्या मोसंबीवाल्यांना ठाऊक असलेल्या डिंक्याच्या जातकुळीतलाच हा रोग. हे सारे मी नंतर वाचले. त्या दिवशी आजींनी कुंडी उचलून न्हाणीत नेली, बशी काढून टाकली आणि नळाचे कोमट पाणी मातीवर सोडले. कुंडीच्या तिप्पट पाणी गेले असेल. खालून आधी चहासारखे, मग फिक्या रंगाचे आणि शेवटी स्वच्छ पाणी वाहू लागले. पाणी घालणे हा उपाय नाही, त्या म्हणाल्या, पाणी बाहेर पडणे हा उपाय आहे. मीठ ज्या वाटेने आले त्याच वाटेने जाते, फक्त खालचे दार उघडे हवे.

मी न्हाणीच्या कडेला बसून त्या भोकांकडे पाहत होते. आमच्या शेताच्या खालच्या बांधाला पूर्वी एक चर होता. आजोबांनी खणलेला, ओढ्यापर्यंत जाणारा. मी त्यात खेकडे पकडले आहेत. वडिलांच्या आजारपणाच्या वर्षांत तो गाळाने भरला आणि खालच्या शेजाऱ्याने त्यावरून आपला बांध पुढे सरकवला. त्यानंतरच ते पांढरे गुंठे वर चढत आले होते. ही गोष्ट आम्हां सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली होती.

मुखत्यारपत्राचा अर्ज मी पाठवला नाही. दादाला फोन करून सांगितले की मी परत येईपर्यंत थांब, चर पुन्हा काढून पाहू. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "कुंडीतलं झाड आणि शेत एक नसतं." त्याचे म्हणणे बरोबर होते. पुढचे सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही. प्लॉटवाला दुसरीकडे गेला. कर्जाचे हप्ते भरण्यासाठी दादाने त्या हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवला, ऊस वाहतुकीचा, रात्रपाळीने. आयुष्यात मी जे काही ठामपणे केले, त्यातल्या या एका गोष्टीची किंमत दुसऱ्याने मोजली. ते मी विसरलेले नाही आणि विसरावे असेही मला वाटत नाही.

उन्हाळ्यात रोप सुधारले. जुनी पाने भाजलेलीच राहिली, नवी स्वच्छ आली. जूनमध्ये तेथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि त्या उजेडात ते दिवसाला दिसेल असे वाढे. फळ येईल का, असे मी आजींना विचारले तेव्हा त्या हसल्या. बीपासून लावलेल्या झाडाला फळ यायला पाच ते दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि खिडकीत तर येतच नाही म्हटले तरी चालेल. शिवाय त्याची फुले विलक्षण असतात. प्रत्येक फूल दोनदा उमलते, एकदा मादी म्हणून आणि दुसऱ्यांदा नर म्हणून. काही झाडांची सकाळी मादी तर काहींची दुपारी, म्हणून दोन प्रकारची झाडे जवळ असली तर फळधारणा चांगली होते. आणि फळ आलेच, तरी ते मी खाल्लेल्या फळासारखे असेल असा भरवसा नाही. जगभर विकली जाणारी ती काळपट, खरबरीत सालीची जात कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हॅस नावाच्या एका टपालवाल्याच्या अंगणात बीपासून आपोआप निपजलेली. त्याला त्या रोपावर दुसऱ्या जातीचे कलम बांधायचे होते, ते जगले नाही. तो झाड तोडणार होता, पण मुलांना त्याची फळे आवडली म्हणून राहिले. १९३५ साली त्याने त्याचे पेटंट घेतले आणि जन्मभरात त्यातून त्याला पाच हजार डॉलरदेखील मिळाले नाहीत. आजची सारी हॅस झाडे त्या एका झाडाच्या डोळ्यांपासून कलमाने केलेली आहेत. मूळ झाड २००२ साली मुळे कुजून गेले.

हे ऐकताना मला शाळेतला इतिहासाचा तास आठवला. संघमित्रेने बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेत नेली आणि ती अनुराधपुराला लावली गेली. आम्ही पाचवीतल्या मुलींनी तेव्हा सरांना विचारले होते की बी का नेले नाही, ते तर पदरात बांधूनही नेता आले असते! सर म्हणाले होते, बीपासून त्या झाडाचे मूल होईल, ते झाड होणार नाही. हे उत्तर पटायला मला एडिनबरोपर्यंत जावे लागले. माझ्या खिडकीतले रोप असे कोणाचेच नव्हते, नवेच होते. त्याचे फळ कसे असेल ते कोणालाही सांगता आले नसते.

ऑक्टोबर २०११ मध्ये परतताना रोप आणणे शक्य नव्हते. मातीसकट झाड देशाबाहेर नेण्याला वनस्पती-रोगांच्या कारणास्तव बंधने असतात. ते आजींच्या दक्षिणेकडच्या खिडकीत गेले. त्या दरवर्षी नाताळात फोटो पाठवत. तिसऱ्या वर्षी ते छताला टेकले, त्यांनी पुन्हा कापले. २०१८ नंतर पत्र आले नाही.

इकडची हकिगत थोडक्यात सांगते, कारण ती माझी कमी आणि दादाची अधिक आहे. मातीचा नमुना तपासून घेतला, सामू ८.३ आणि क्षारता प्रमाणाबाहेर. जमीन क्षारयुक्त आहे, पुरती चोपण नाही, हे त्यातल्या त्यात बरे होते, कारण चोपण जमिनीत सोडियम मातीला धरून बसतो आणि जिप्सम घातल्यावाचून नुसत्या पाण्याने सुटत नाही. चरासाठी शेजाऱ्याची संमती मिळवायला दीड वर्ष गेले. ती मी मिळवली नाही, आईने मिळवली. त्याच्या घरी लग्नात सलग चार दिवस भाकरी थापून. चर खणला दादाने आणि त्याच्या दोन मित्रांनी, कंबरेएवढा, ओढ्यापर्यंत. पहिल्या पावसाळ्यात चरातून वाहिलेले पाणी गुरे पीत नव्हती. दादाने मला फोन केला तो हे सांगायला, आणि बोलणे तेथून पुन्हा सुरू झाले. मग तीन वर्षे धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडला, शेणखत घातले, सर्वांत वाईट पट्ट्यात जिप्सम टाकले. आज चाळीसपैकी अठ्ठावीस गुंठ्यांत गहू येतो. खालचे बारा गुंठे अजून पांढरे आहेत आणि माझ्या हयातीत ते बदलतील असे वाटत नाही. वरचे बागायतदार पाटाचे पाणी पूर्वीसारखेच सोडतात. दादाचे कर्ज फिटले ते ट्रॅक्टरवर, गव्हावर नाही, हेही नमूद केले पाहिजे.

अ‍ॅव्होकॅडोकडे पाहण्याची आमच्या घरातली दृष्टी मात्र बदलली. आता आपल्याच मुलखात, बीडसारख्या जिल्ह्यात, कोणी त्याची बाग लावल्याच्या बातम्या येतात. कर्नाटकात चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्राने भारतीय हवामानासाठी निवडलेल्या जाती आहेत, त्यांची कलमे लोक लावतात. आपल्या भागात त्याला अडचण उलटी आहे. एडिनबरोत थंडीने ते वाढत नव्हते. बेलापूरच्या हवेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याला स्वर्ग, आणि एप्रिलचे चाळीस-एक्केचाळीस अंशांचे कोरडे वारे सुटले की कोवळी पाने कापरासारखी उडून जातात. दादाने २०२२ साली माझ्याकडून बी घेऊन वरच्या भागात एक रोप लावले होते. बी नगरच्या माझ्या स्वयंपाकघरात फक्त पंचवीस दिवसांत रुजले, कपाटाची गरज पडली नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते गेले. त्याने सावली केली नव्हती. मी त्याला काही म्हणाले नाही.

मागच्या डिसेंबरात मी गावी गेले तेव्हा आई ओट्यावर ऊन खात बसली होती आणि तिच्याजवळ पेल्यात एक बी तरंगत होते. दात-कोरण्यांऐवजी बाभळीचे काटे टोचलेले. पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीने फळ आणले होते. बी दुभंगलेले होते आणि मूळ पेल्याच्या तळाला टेकून वळले होते. दादा गोठ्यातून गोडेतेलाचा रिकामा डबा घेऊन आला, त्यात माती भरलेली होती.

"ह्याला पाणी किती घालायचं रोज?" त्याने विचारले.

"आधी खाली भोकं पाडलीस का?"

त्याने डबा उचलून खालून पाहिला, माती अंगणात ओतली आणि खिळा शोधायला घरात गेला.